विक्री दुप्पट, तरी पगाराला उसनवारी: लहान उद्योगाची कामगिरी कशावर ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेला व्यवसाय आता दोघे भाऊ शिरोली औद्योगिक वसाहतीत चालवतात. चार सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी टर्निंग मशीन, दोन व्हीएमसी, म्हणजे उभी मशिनिंग सेंटर, आणि बावीस कामगार आहेत. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घेऊन, मशिनिंग करून तयार भाग पुरवला जातो. तीन वर्षांत वार्षिक विक्री २ कोटी ४० लाखांवरून ४ कोटी ८० लाखांवर गेली, तरी पगाराच्या तारखेला उसनवारी करावी लागते. सत्तर टक्के काम एकाच ग्राहकाचे आहे. तो ग्राहक आणखी काम देऊ करतो आहे, त्यासाठी तिसरे व्हीएमसी घ्यावे का, आणि मुळात लहान उद्योगाची कामगिरी नेमकी कशावर ठरते, असे विचारले आहे.

गेली सत्तावीस वर्षे मी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांचे परिव्ययाचे, म्हणजे कॉस्टिंगचे काम पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण अपवादात्मक नाही. विक्री वाढत असताना अडचणीत आलेले कारखाने मी विक्री घटल्यामुळे अडचणीत आलेल्या कारखान्यांपेक्षा अधिक पाहिले आहेत. कोल्हापूरच्या उद्योगाला हुन्नर कधी कमी पडले नाही. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांपासून वाहनांच्या कास्टिंगपर्यंतचा प्रवास इथल्या मेस्त्रींनी पुस्तके न वाचता केला. विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनांचा बाजार आटला, तेव्हाही त्याच भट्ट्यांवर नवी कामे उभी राहिली. कमी पडतो तो हिशेब. हिशेब म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र किंवा मार्चअखेरचा ताळेबंद असे मला म्हणायचे नाही. कोणत्या कामात पैसा मिळतो, कोणत्या कामात तो जातो आणि गुंतलेला रुपया किती दिवसांनी परत येतो, हे मालकाला महिन्याच्या महिन्याला ठाऊक असणे, याला मी हिशेब म्हणतो. कामगिरीवर परिणाम करणाऱ्या बाकीच्या साऱ्या गोष्टी, भांडवल, बँक, कामगार, वीज, ग्राहक, या एका जाणिवेतून जातात आणि मगच त्यांचे बरेवाईट फळ दिसते.

आता तुमचे आकडे घेऊ. विक्री २ कोटी ४० लाख होती तेव्हा महिन्याला २० लाखांचा माल जात होता आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे पैसे साधारण ४५ दिवसांत येत होते. म्हणजे कोणत्याही वेळी ३० लाख रुपये ग्राहकांकडे अडकलेले असत. आज महिन्याला ४० लाखांचा माल जातो आणि पैसे यायला ९० दिवस लागतात, म्हणजे १ कोटी २० लाख रुपये बाहेर आहेत. विक्री दुप्पट झाली, पण येणी चौपट झाली. हे वाढीव ९० लाख कोठून यायचे? तुमचा निव्वळ नफा विक्रीच्या सहा टक्के धरला, आणि या धंद्यात तो बराच म्हणायचा, तर वर्षाचे २८ लाख ८० हजार होतात. तीन वर्षांचा सगळा नफा घरात एक रुपयाही न नेता कारखान्यात ठेवला असता, तरी हा खड्डा भरला नसता. त्यात घरखर्च निघाला, प्राप्तिकर गेला, मशीनचे हप्ते गेले. मग उरलेली रक्कम फाउंड्रीचे पैसे थांबवून, मित्रांकडून घेऊन आणि पतसंस्थेच्या कर्जातून भागवली गेली. तुमच्या पगाराच्या तारखेची अडचण इथे जन्माला आली आहे. कमी नफा हे तिचे पहिले कारण नाही.

यावर जीएसटीचा भार वेगळा पडतो. ४० लाखांच्या बिलावर १८ टक्के धरले तर ७ लाख २० हजारांचा कर होतो. कास्टिंगवर भरलेल्या कराची वजावट मिळाल्यावर जे उरते, ते तुम्हाला पुढच्याच महिन्यात भरावे लागते, आणि ग्राहकाकडून तो कर त्याच्या बिलाबरोबर नव्वद दिवसांनी मिळतो. म्हणजे दर महिन्याला तुम्ही ग्राहकाच्या वतीने सरकारला आगाऊ पैसे देता. वाढत्या विक्रीत ही रक्कमही वाढत जाते, आणि नफा-तोटा पत्रकात ती कोठेच दिसत नसल्यामुळे मालकाच्या ध्यानात येत नाही.

चक्र संपूर्ण पाहायचे तर कास्टिंग शेडमध्ये आल्यापासून मोजा. ते सरासरी पंचवीस दिवस पडून राहते, मशिनिंग, तपासणी आणि पॅकिंगला दहा दिवस लागतात, आणि नंतर नव्वद दिवसांची उधारी असते. एकूण १२५ दिवस झाले. फाउंड्री तुम्हाला ३० दिवस थांबते, म्हणजे ९५ दिवस तुमचा किंवा बँकेचा पैसा कामाला लागलेला असतो. हे ९५ दिवस ७० वर आले, तर कोणतेही नवे कर्ज न घेता तुमचा पगाराचा प्रश्न सुटेल. वसुली हा सर्वांत अवघड भाग आहे हे मला मान्य आहे. पण पंचवीस दिवस पडून राहणारे कास्टिंग हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. ग्राहकाचे वेळापत्रक हातात असताना गाडी भरते म्हणून एकदम जास्त माल उचलणे, किंवा फाउंड्रीवाल्याने गळ घातली म्हणून माल उतरवून घेणे, ही सवय आजपासून बंद करता येते.

बँकेकडे तुमची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी उचलता येणारी कमाल रक्कम, ४५ लाख आहे असे तुम्ही लिहिले आहे. ही मर्यादा विक्री २ कोटी ४० लाख होती तेव्हाची आहे हे स्पष्ट दिसते, कारण लहान उद्योगांना खेळते भांडवल देताना नायक समितीच्या शिफारशीनुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के रक्कम धरण्याची पद्धत आहे, आणि २ कोटी ४० लाखांचे २० टक्के म्हणजे ४८ लाख होतात. आजच्या विक्रीवर हाच हिशेब ९६ लाखांवर जातो. तीन वर्षांत तुम्ही नूतनीकरणाच्या वेळी जुनेच कागद पुढे केले असणार. तारण कमी पडते अशी भीती असेल तर सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठीच्या पतहमी निधी न्यासाची, म्हणजे सीजीटीएमएसईची हमी मागा. तिची कमाल मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये आहे, त्यामुळे तुमच्या आकाराच्या कारखान्याला ती पुरून उरते. मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाढीव मर्यादा मिळाली आणि वसुलीचे ९० दिवस तसेच राहिले, तर वर्षभरात तीही मर्यादा भरून जाईल आणि व्याज मात्र दुप्पट झालेले असेल. आधी दिवस कमी करायचे, मग मर्यादा वाढवायची. हा क्रम उलटा केलेल्या माणसांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

वसुलीसाठी कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो कसा वापरायचा हे नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गटात येतो, म्हणजे तुम्ही त्याच गटात आहात. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद झाली आहे. मुदत उलटून गेलेली रक्कम खरेदीदाराने प्रत्यक्ष दिल्यावरच त्याला त्या खर्चाची वजावट मिळते. ही तरतूद खरेदीदाराच्या लेखा विभागाला तुमच्या कोणत्याही पत्रापेक्षा लवकर समजते.

थकलेल्या पैशांची तक्रार घेऊन या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, परंतु सत्तर टक्के काम देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध कोणी सहसा तक्रार करत नाही आणि तुम्हीही करणार नाही. म्हणून मी सौम्य मार्ग सुचवतो. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापा. माल स्वीकारल्याची तारीख लेखी घ्या, कारण मुदत तिथून मोजली जाते. नव्या पर्चेस ऑर्डरमध्ये ४५ दिवस लिहून मागा, आणि ग्राहक कंपनी ट्रेड्स मंचावर नोंदलेली आहे का ते विचारा. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तुमचे बिल त्या मंचावर मान्य केले की बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला थोड्याच दिवसांत, व्याज वजा जाता, पैसे मिळतात. व्याजाचा दर खरेदीदाराच्या पतक्षमतेवर ठरत असल्यामुळे तो बहुधा तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडतो, आणि पुढे खरेदीदाराने पैसे थकवले तरी ती वसुली तुमच्याकडून होत नाही. नोंदणी सक्तीची असली तरी वापर सक्तीचा नाही, म्हणून आग्रह तुम्हालाच धरावा लागेल, आणि तो खरेदी विभागाकडे न धरता वित्त विभागाकडे धरावा.

आता दुसऱ्या मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे मशीनच्या तासाच्या दराकडे. तुम्ही व्हीएमसीचा दर तासाला ५५० रुपये लावता आणि त्यात पैसे सुटतात असे समजता. उदाहरणादाखल हिशेब मांडतो, तुमचे स्वतःचे आकडे नंतर घाला. ३२ लाखांचे मशीन आठ वर्षांत फेडायचे तर वर्षाला ४ लाख घसारा. कर्जावरचे सरासरी व्याज २ लाख. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस धरून ५ लाख ६० हजार. वीज २ लाख १० हजार. टूल, इन्सर्ट, कूलंट आणि दुरुस्ती २ लाख ५० हजार. जागा, तपासणी, कार्यालय आणि तुमचा स्वतःचा पगार यांतला या मशीनचा वाटा ३ लाख ८० हजार. एकूण २० लाख रुपये झाले. दोन पाळ्या, आठ तास आणि तीनशे दिवस असे ४,८०० तास धरले तर दर ४१७ रुपये येतो, आणि ५५० मध्ये तासाला १३३ रुपये नफा दिसतो. पण मशीन ४,८०० तास चालते का? सेटिंग बदलणे, कास्टिंगची वाट पाहणे, पहिल्या नगाची तपासणी, टूल संपणे, ऑपरेटर न येणे, वीज जाणे, हे सारे वजा केले तर बहुतेक शेडमध्ये मला प्रत्यक्ष कापण्याचे तास साठ टक्क्यांच्या आसपास आढळतात. साठ टक्के म्हणजे २,८८० तास. आता तोच खर्च तासाला ६९४ रुपये होतो, आणि ५५० च्या दराने प्रत्येक तासामागे १४४ रुपये तुम्ही खिशातून घालता.

म्हणून तिसरे व्हीएमसी घेण्याआधी असलेली दोन व्हीएमसी किती तास चालतात ते मोजा. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक मशीनजवळ एक वही ठेवा आणि मशीन थांबले की वेळ आणि कारण लिहायला सांगा. पहिल्या आठवड्यात नोंदी खोट्या येतील, कारण ऑपरेटरला वाटेल की आपल्यावर पाळत आहे. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही त्यातल्या एका कारणावर प्रत्यक्ष उपाय केला, समजा मोजमापाचे गेज लांबच्या कपाटातून मशीनजवळ आणून दिले, तर तिसऱ्या आठवड्यापासून नोंदी खऱ्या येऊ लागतात. हा माझा अनुभव कितीतरी कारखान्यांत तसाच आला आहे. माणसे आकडे लपवतात ते आळसाने नव्हे. आकड्यांचा उपयोग फक्त बोलणी खाण्यासाठी होतो असे त्यांनी पाहिलेले असते, म्हणून लपवतात.

या साध्या गोष्टींचे मोल किती, याचा एक भक्कम पुरावा आपल्याच देशातल्या कामातून आला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या आसपासच्या कापड कारखान्यांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागार देऊन दोषांची रोजची नोंद, मशीन थांबण्याच्या कारणांची नोंद, वेळेवर देखभाल आणि साठ्याची नीट मांडणी अशा साध्या पद्धती शिकवल्या गेल्या. नवी यंत्रे दिली गेली नाहीत. पहिल्याच वर्षी त्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याच अभ्यासात असेही आढळले की कारखाना किती वाढेल हे मालकाच्या कुटुंबात किती पुरुष आहेत यावर बऱ्याच अंशी ठरत होते, कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायला मालक तयार नव्हते. हे वाचले तेव्हा मला इथल्या कितीतरी शेड डोळ्यांपुढे आल्या. आपल्याकडेही भाऊ किती, त्यावर कारखान्यांची संख्या ठरते.

रिजेक्शनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्यासारख्या कास्टिंग घेऊन मशिनिंग करणाऱ्यांचा नफा इथेच झिरपून जातो. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधली हवेची पोकळी, किंवा वाळूचा दोष बहुतेक वेळा वरच्या थरात दिसत नाही, तो बोअरिंग करताना शेवटच्या टप्प्यात उघडा पडतो. तोवर तुमचे चाळीस मिनिटांचे काम त्या नगावर झालेले असते. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण मशिनिंगचा खर्च देत नाही, आणि तुम्हीही मागत नाही, कारण तिचेच पैसे तुमच्याकडे थकलेले असतात. पैशाची ओढाताण आणि दर्जाची ओढाताण एकमेकींना कशा बांधलेल्या असतात ते पाहा. जो वेळेवर पैसे देतो, तोच फाउंड्रीकडून चांगला माल आणि मशिनिंगची भरपाई हक्काने मागू शकतो. दर महिन्याला रिजेक्शनचे नग दोन ठिकाणी वेगळे लिहा: कास्टिंगच्या दोषामुळे गेलेले आणि मशिनिंगच्या चुकीमुळे गेलेले. प्रत्येकापुढे नगांच्या संख्येबरोबर रुपयेही लिहा. ग्राहकाच्या डेबिट नोटा, म्हणजे त्याने तुमच्या बिलातून कापलेल्या रकमांच्या सूचनाही, त्याच वहीत आणा. वर्षअखेरीस लेखापालाने एकदम दाखवलेल्या डेबिट नोटा पाहून हबकलेले मालक मी पाहिले आहेत. तोवर त्यांवर वाद घालण्याची वेळ निघून गेलेली असते.

एकाच ग्राहकावर सत्तर टक्के विसंबणे ही तुमच्या कारखान्याची सर्वांत मोठी जोखीम आहे. २०१९ मध्ये ट्रक आणि इतर व्यावसायिक वाहनांची मागणी पडली, पाठोपाठ १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके आली आणि त्याच सुमारास टाळेबंदी लागली. त्या काळात एकाच कंपनीवर उभ्या असलेल्या शेड महिनोन्महिने बंद राहिल्या, तर पंप, ट्रॅक्टर, व्हॉल्व्ह अशी कामे मिसळून करणारे तगले. पण मला अधिक चिंता वाटते ती दराची. एकच ग्राहक असला की दर तो ठरवतो. २०२१ मध्ये पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव भराभर चढले, तेव्हा फाउंड्रीने कास्टिंगचा दर लगेच वाढवला आणि ग्राहकाने मात्र तिमाही संपल्यावर सुधारित दर दिले. मधल्या तीन महिन्यांचा फरक मशिनिंगवाल्याने सोसला. दर सुधारणेचे सूत्र आणि त्याची लागू होण्याची तारीख पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घेणे हे नवे मशीन घेण्याइतकेच मोलाचे काम आहे. त्याचबरोबर तुमचे भाग कोणत्या वाहनात, वाहनाच्या कोणत्या अंगात बसतात ते शोधा. इंजिनाचे भाग असतील तर विजेवरच्या वाहनांचा परिणाम आधी तुमच्यावर होईल. ब्रेक, अ‍ॅक्सल किंवा सस्पेन्शनचे असतील तर तुम्हाला वेळ आहे.

ग्राहक कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न फक्त इंजिनीअरिंगचा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गुळाला त्याआधीच मिळालेले आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. पण ज्या कारागिराचा गिऱ्हाइकाशी थेट संबंध नाही, त्याच्या मजुरीत त्यामुळे आपोआप भर पडत नाही. तुमच्या शेडमध्येही उत्तम काम होते, हे मी गृहीत धरतो. ते काम पाहणारा दुसरा ग्राहक आणण्यासाठी तुम्ही महिन्यातले किती दिवस बाहेर पडता, हे मला विचारावेसे वाटते.

यातूनच मालकाच्या वेळेकडे येतो. लहान उद्योगात सर्वांत दुर्मीळ भांडवल म्हणजे मालकाचे लक्ष. तुम्ही स्वतः सेटिंग करता, पहिला नग तपासता, टेम्पोची सोय लावता, बँकेत जाता आणि रात्री बिले करता. कुशल मेस्त्रीच्या मुलाला मशीनपासून दूर होणे जड जाते, हे मी समजू शकतो. परंतु दोघे भाऊ दिवसभर मशीनवर असतील तर वसुली, दर आणि नवा ग्राहक यांना कोणीच वाली राहत नाही. कामे वाटून घ्या: एकाने शेड पाहावी, दुसऱ्याने पैसा आणि ग्राहक. दोघांनीही ठरलेला मासिक पगार घ्यावा आणि घरचा कोणताही खर्च कॅश क्रेडिट खात्यातून करू नये. वाढीच्या वर्षांत खेळत्या भांडवलातून प्लॉट घेतला जातो, घराचे बांधकाम काढले जाते, आणि तो पैसा पुन्हा शेडमध्ये येत नाही. तुम्ही प्लॉटचा उल्लेख केलेला नाही. झाला असेल तर तो आकडा माझ्यापासून लपवू नका. भावाभावांतला हिशेब आज गोडीगुलाबीत लेखी करा. वडील हयात असताना हे सोपे असते.

कामगारांविषयी फार लिहीत नाही. आयटीआयमधून आलेला मुलगा दोन वर्षांत सीएनसी शिकतो आणि पुण्याला, चाकणला जातो, ही तक्रार सगळ्यांची आहे. पगाराच्या स्पर्धेत तुम्ही मोठ्या कंपनीला हरवू शकणार नाही, पण वेळेवर पगार, ठरलेली सुटी आणि पुढच्या मशीनवर बढतीची खात्री देऊ शकता. जोतिबाची यात्रा आणि गणपती दरवर्षी येतात, त्या दिवसांची गैरहजेरी आधीच धरून वेळापत्रक करा. त्यावर दरवर्षी नव्याने चिडण्यात अर्थ नाही.

वीज, रस्ते आणि पाणी या गोष्टी तुमच्या हाताबाहेरच्या आहेत. तरी त्यांचा परिणाम किती होऊ द्यायचा, हे काही प्रमाणात हातात असते. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वीजदरामुळे शेजारच्या कर्नाटकात जाण्याची भाषा आपल्याकडे अधूनमधून होते. टनभर लोखंड वितळवायला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागणाऱ्या फाउंड्रीसाठी ती चिंता खरी आहे. मशीन शॉपच्या खर्चात विजेचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे तुम्ही पॉवर फॅक्टर आणि गळणारी हवा एवढे पाहिले तरी पुरे. कॉम्प्रेसरची हवा रात्रभर गळत राहणाऱ्या शेड मला अजूनही दिसतात.

पुराचे तसे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. ज्यांच्या शेडमध्ये पाणी शिरले नाही, त्यांचाही माल अडकला. जुलै-ऑगस्टसाठी ग्राहकाच्या गोदामात आठवड्याचा तयार माल आधी पोचवून ठेवण्याची परवानगी मागा, बहुतेक कंपन्या ती आता देतात. विमा पूर्ण किमतीचा उतरवा. ४० लाखांच्या साठ्यावर २० लाखांचा विमा असेल आणि १० लाखांचे नुकसान झाले, तर सर्वसाधारण नियमाने १० लाख मिळत नाहीत, त्याच प्रमाणात ५ लाख मिळतात. विक्री दुप्पट झाली तेव्हा साठाही वाढला, पण विम्याची रक्कम वाढवली का, हे आजच तपासा.

अनुदाने आणि योजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात जरूर करा, वसाहतीच्या संघटनेतही जाऊन बसा, तिथे माणसे मोकळेपणाने मार्गदर्शन करतात. मात्र अनुदान मिळते म्हणून मशीन घेतले जाऊ नये.

आता तुमच्या मशीनच्या प्रश्नाचे माझे उत्तर. आज घेऊ नका. तीन महिने वही ठेवा. दोन्ही व्हीएमसींचे कापण्याचे तास साठ टक्क्यांवरून पंचाहत्तरवर आले, तर वरच्या उदाहरणात तासाचा दर ६९४ वरून सुमारे ५५६ रुपयांवर येतो, आणि दोन मशीनवर मिळून वर्षाला १,४४० तास नवे मिळतात. म्हणजे तिसऱ्या मशीनचे निम्मे काम हप्त्याविना झाले. ग्राहक देऊ करतो ते वाढीव काम त्या तासांत सुरू करा, पण ४५ दिवसांची अट आणि दर सुधारणेचे सूत्र त्या नव्या ऑर्डरमध्ये लेखी आल्यावरच. जुन्या कामाच्या अटी बदलायला ग्राहक तयार होत नाही, नव्या कामाच्या वेळी तो ऐकतो, आणि अशी संधी तुम्हाला सध्या मिळालेली आहे. तीन महिन्यांनंतर तास पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर असतील, वसुली ७० दिवसांच्या आत आली असेल आणि तरीही काम परत पाठवावे लागत असेल, तर मशीन घ्या. त्या वेळी बँकेला दाखवायला तुमच्या हातात त्या वह्या असतील.

सुरुवात म्हणून सर्वांत जास्त खपणारे दोन भाग निवडा आणि प्रत्येकाचा कास्टिंगचा दर, मशिनिंगची मिनिटे, गेल्या सहा महिन्यांतले रिजेक्शन आणि पैसे प्रत्यक्ष आल्याच्या तारखा एका कागदावर लिहून काढा. माझा अंदाज आहे की त्या दोनपैकी एका भागात तुम्ही तोटा सोसत आहात.